अहवालातील स्मिथ

ज्या मजकुराचा कर्ता कोण हे कळत नाही आणि ज्याचा वाचक कोण हेही ठरलेले नसते, असा मजकूर वाचण्याची सवय आम्हां साहित्याच्या शिक्षकांना फारशी नसते. शिलालेखाला निदान दान देणारा असतो, घेणारा असतो, आणि दान मोडणाऱ्यासाठी शेवटी गधेगाळही असते. वैद्यकीय चाचणीच्या अहवालाला यांतले काहीच नसते. खाली एक सही असते. पण सही करणारा रुग्णाशी बोलत नसतो, दुसऱ्या डॉक्टरशी बोलत असतो, आणि तरीही कागद दिला जातो तो रुग्णाच्याच हाती.

आमच्या वहिनींच्या रक्ताचा असा एक अहवाल गेली काही वर्षे आमच्या टेबलाच्या खणात आहे. त्यांच्या घरी तो ठेवला तर पाहुण्यारावळ्यांच्या हाती पडेल, अशी त्यांना धास्ती वाटते. शिवाय घरात इंग्रजी कागद सांभाळण्याचे काम 'मास्तरांचे', म्हणजे आमचे. अहवालात एक उभी रांग आहे. रांगेत पंधरा-सोळा नावे, आणि बहुतेकांसमोर 'निगेटिव्ह'. दोन ठिकाणी मात्र ठळक अक्षरांत 'पॉझिटिव्ह' असे छापलेले आहे. पहिल्या ठिकाणी 'एनआरएनपी / एसएम' आणि दुसऱ्या ठिकाणी नुसते 'एसएम'. त्याच्या पुढे कंसात, बहुधा वाचणाऱ्याच्या सोयीसाठी, 'स्मिथ'.

कागद हाती आला त्या संध्याकाळी वहिनींनी पहिला प्रश्न विचारला तो आजाराबद्दल नव्हता. त्या म्हणाल्या, "भावजी, ह्यो स्मिथ कोण? सायेब हाय का डाक्टर?"

साहित्याच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत की वाचनाचा आरंभ संहितेतील ज्या शब्दापाशी अडखळायला होते त्या शब्दापासून करावा. वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. त्या नेमक्या तिथेच अडखळल्या होत्या.

पाटस हे पुणे-सोलापूर महामार्गावरचे, दौंड तालुक्यातले गाव. भीमा सहकारी साखर कारखान्यामुळे हे नाव तालुक्याबाहेरही माहीत आहे. कालव्याचे पाणी ज्यांच्या रानाला पोहोचते त्यांचा ऊस. ज्यांच्या नाही पोहोचत त्यांची ज्वारी, बाजरी आणि आभाळ. आमच्या थोरल्या बंधूंचे रान या दोहोंच्या सीमेवर आहे, त्यामुळे त्यांच्याकडे थोडा ऊस, थोडा कांदा, दोन म्हशी, आणि या सगळ्यात दिवसाचे आठ-दहा तास उन्हात उभ्या असलेल्या वहिनी. दुखणे प्रथम सांध्यांत आले. मग तोंड येऊ लागले, केस विंचरताना पुंजकेच्या पुंजके हातात यायचे. आणि एका उन्हाळ्यात, कांदा काढणीच्या दिवसांत, दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर लाल चट्टा उठला. दोन वर्षे कुणी वात म्हटले, कुणी उष्णता, कुणी ॲलर्जी. शेवटी पुण्यातल्या एका संधिवाततज्ज्ञ बाईंनी चट्टा पाहून, नखांच्या कडा पाहून, लघवी तपासून ही रक्तचाचणी लिहून दिली. रोगाचे नाव ल्युपस. लॅटिनमध्ये ल्युपस म्हणजे लांडगा.

या रोगाच्या वर्गीकरणासाठी 2019 साली युरोपीय आणि अमेरिकी संघटनांनी मिळून एक गुणपत्रिका तयार केली आहे. गुणपत्रिका हा शब्द आम्ही थट्टेने वापरत नाही. ती खरोखरच तशी आहे. आधी प्रवेशपरीक्षा: पेशीकेंद्राविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात ठरावीक पातळीच्या वर असली पाहिजेत. मग गुण. तापाला 2, तोंड येण्याला 2, सांध्यांना 6, गालांवरच्या चट्ट्याला 6. एका गटातली अनेक लक्षणे असली तरी त्यांतले सर्वाधिक गुणांचे एकच धरायचे. आणि 'एसएम'विरुद्धची प्रतिपिंडे सापडली तर एकदम 6. दहा गुणांना उत्तीर्ण. ही पत्रिका मुळात संशोधनासाठी रुग्ण निवडता यावेत म्हणून केलेली आहे, निदान शेवटी डॉक्टरच्या नजरेनेच होते, असे आम्हांला त्या बाईंनी बजावले. तरीही आयुष्यभर दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला आपल्या वहिनींच्या नावापुढे अठरा गुणांची बेरीज करताना जे वाटायचे ते वाटलेच.

तर स्मिथ कोण?

स्मिथ ही एक मुलगी होती. तिला ल्युपस झाला होता आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात तिच्यावर उपचार चालू होते. हेन्री कुंकेल आणि एंग टॅन या वैद्यक-संशोधकांना तिच्या रक्तात पेशीकेंद्रातल्या कुठल्यातरी पदार्थाला घट्ट धरणारी प्रतिपिंडे आढळली. पदार्थ कोणता, त्याचे काम काय, हे कुणालाच ठाऊक नव्हते. मग 1966 साली त्यांनी त्या अज्ञात पदार्थाला तिच्या आडनावाची पहिली दोन अक्षरे दिली. मुलगी तरुण वयातच वारली. अक्षरे मात्र राहिली.

त्या काळात ही रीतच होती. वहिनींच्या अहवालातल्या त्याच रांगेत 'रो' आहे, 'ला' आहे, 'जो-1' आहे. हीसुद्धा रुग्णांच्या नावांचीच पहिली अक्षरे आहेत. शास्त्रज्ञांनी ती मुद्दाम आखूड केली, म्हणजे नाव द्यायचे आणि ओळख झाकायची, दोन्ही साधावे. आमच्या संतपरंपरेत अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी आपली नाममुद्रा उमटवतो. इथे मुद्रा जिची आहे तिने काहीच रचलेले नाही, तिचे केवळ रक्त घेतलेले आहे. हे साम्य सुचले तेव्हा आम्हांला बरे वाटले होते. आता तितके बरे वाटत नाही. मुद्रा कवी स्वतः उमटवतो. हिला कुणी विचारले होते की नाही, हे ती दोन अक्षरे सांगत नाहीत.

त्या अज्ञात पदार्थाचे काय झाले ते सांगायला हवे, कारण खरी गोष्ट तिथेच आहे, आणि साहित्याच्या माणसांनी ती आजवर ऐकलेली नसेल तर आम्हांला नवल वाटणार नाही.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशी प्रथिने कशी तयार करते हे सांगताना दोन शब्द येतात: प्रतिलेखन आणि भाषांतरण. डीएनएमधल्या मजकुराची आरएनएमध्ये नक्कल होते ते प्रतिलेखन. आरएनएच्या लिपीतून प्रथिनाच्या लिपीत जाणे ते भाषांतरण. शब्द सुंदर आहेत. कुणा अनाम परिभाषाकाराने आमच्या खात्यातून ते उचलले, याचा आम्हांला अभिमानही आहे. परंतु 1977 साली रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की या दोन पायऱ्यांच्या मध्ये आणखी एक पायरी आहे. नक्कल झालेला मजकूर जसाच्या तसा वापरला जात नाही. त्यात मधूनमधून लांबच लांब उतारे असतात, ते कापून काढावे लागतात आणि उरलेले तुकडे एकमेकांना बिनचूक जोडावे लागतात. जे उरते ते एक्झॉन, जे जाते ते इंट्रॉन. माणसाच्या बहुतेक जनुकांत कापून टाकायचा भाग ठेवायच्या भागापेक्षा कितीतरी मोठा असतो. या शोधाला 1993 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे पेशीत संपादन चालते. संपादक कोण, हा प्रश्न 1977 साली अनुत्तरित होता.

येल विद्यापीठात जोन स्टाइट्झ यांच्या प्रयोगशाळेत मायकेल लर्नर नावाचा विद्यार्थी होता. ल्युपसच्या रुग्णांचे रक्तद्रव वापरून ती प्रतिपिंडे पेशीत नेमके काय पकडतात ते पाहावे, असे या दोघांनी ठरवले. जाळे रुग्णाच्या शरीराने विणलेले. यांनी फक्त ते पाण्यात टाकले. 1979 साली जाळ्यात जे आले ते असे: काही प्रथिने, आणि त्यांना बिलगलेले आरएनएचे छोटे छोटे रेणू. या रेणूंना यू-1, यू-2, यू-4, यू-5, यू-6 अशी नावे आहेत. युरिडीन हा घटक त्यांच्यात जास्त, म्हणून यू. पेशीतल्या निरोप्या आरएनएची लांबी हजारो अक्षरांची असू शकते. यू-1 दीडशेच्या थोडा पुढे जाऊन थांबतो. इतके बारके रेणू काय करत असतील, याची फारशी चिकित्सा तोवर झालेली नव्हती. लर्नर आणि स्टाइट्झ यांच्या ध्यानात आले की यू-1च्या आरंभीची काही अक्षरे इंट्रॉनच्या आरंभीच्या अक्षरांशी जुळतात, एकावर एक नीट बसतात. म्हणजे कुठून कापायचे ती जागा हा रेणू स्वतःच्या अंगावरच्या अक्षरांनी ओळखत असावा. 1980 साली त्यांनी तसे सुचवले आणि पुढच्या वर्षांत ते खरे ठरले.

स्मिथच्या नावाची प्रथिने सात आहेत. ती एकमेकांना धरून कडे करतात आणि त्या कड्यात आरएनए ओवलेला असतो. अशी कडी तुमच्या पेशीत आहेत, आमच्या पेशीत आहेत, उसाच्या पेरात आहेत, बुरशीत आहेत. त्यांच्यासारख्या इतर प्रथिनांचे एक मोठे कुळ नंतर सापडले आणि त्याला 'एसएमसारखे' या अर्थाचे नाव पडले. एका मुलीचे आडनाव असे कुळनाम झाले.

संपादनाची उपमा मराठीच्या विद्यार्थ्याला थेट पैठणला घेऊन जाते. 1584 साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, त्यांतले प्रक्षेप दूर करून पाठ शुद्ध केला, आणि यात कुणी पुन्हा आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. आम्ही हा दाखला वर्गात दिला होता. मग एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण इंट्रॉन प्रक्षेप आहे का? तो तर मूळ मजकुरातच असतो ना?" प्रश्न अगदी बरोबर होता. एकनाथांनी काढले ते नंतर कुणीतरी घातलेले होते. पेशी काढते ते तिच्याच मूळ पोथीतले असते, आणि पिढ्यान्पिढ्या ती ते पुन्हा उतरवून घेते व पुन्हा कापते. शिवाय एकाच मजकुरातून वेगवेगळे तुकडे ठेवून वेगवेगळी प्रथिने करता येतात. तेव्हा हे पाठशुद्धीपेक्षा कीर्तनकाराच्या निवडीच्या अधिक जवळचे आहे. आख्यान तेच असते. आज कुठले निरूपण ठेवायचे आणि कुठले गाळायचे ते फडावर ठरते. हीही उपमा फार ताणू नये. यू-1ला श्रोते दिसत नाहीत.

पुण्याला तपासणीसाठी जाताना आम्ही पाटसला गाडीत बसतो. कडेठाण जाते, केडगाव येते. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर इथेच केले. तिथल्या बायकांनीच ते छापले. 1922 साली रमाबाई वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. खिळे जुळवणाऱ्या त्या बायकांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? गाडी केडगावला थांबली की हे मनात येते खरे. पण वहिनी शेजारी ओढणीने अर्धा चेहरा झाकून, खिडकीपासून दूर बसलेल्या असतात आणि आमचे लक्ष परत त्यांच्याकडे जाते. खिडकीतून ऊन येते.

ऊन हा या रोगातला केवळ तपशील नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात तेव्हा केंद्रातला माल, त्यात ही आरएनए-प्रथिनांची कडीही आली, पेशीच्या पृष्ठभागावरच्या फुगवट्यांत येऊन बसतो. जे एरवी आतल्या खोलीत असते ते ओसरीवर येते. निरोगी शरीर हा कचरा वेळच्या वेळी उचलते. ल्युपसमध्ये तो रेंगाळतो, प्रतिपिंडे त्याला धरतात, आणि आरएनएसह ते गाठोडे प्रतिकारपेशींच्या पोटात जाते. तिथे टीएलआर-7 नावाचा एक पहारेकरी आहे. विषाणूंचा आरएनए ओळखणे हे त्याचे काम. त्याला हा छोटा, युरिडीनने भरलेला रेणू दिसतो आणि तो घंटा वाजवतो. टीएलआर-7चे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे; स्त्रियांत दोन एक्स असतात, त्यांतला एक बहुतांशी मिटलेला असला तरी हे जनुक काही पेशींत त्यातूनही निसटून चालू राहते. ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात, त्याचे हे एक कारण मानले जाते. 2022 साली एका मुलीच्या ल्युपसचे मूळ याच जनुकातल्या एका अक्षराच्या बदलात सापडले. घंटा जरा जास्तच हलकी झाली होती.

आता इथे आमचा एक आक्षेप नोंदवतो. मराठीत या रोगावर जे थोडेबहुत लिहिले जाते त्यात 'शरीर स्वतःवरच हल्ला करते', 'आपलेच सैन्य फितूर होते' असली वाक्ये असतात. सुझन सोंटॅग यांनी 1978 साली आजाराच्या रूपकांवर लिहिले ते क्षय आणि कर्करोग यांच्याविषयी. पण फितुरीचे रूपक एका घरात शिरले की काय करते ते आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्याच नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी वहिनींना विचारले होते की, असं तुझं अंग तुझ्यावर का उलटलं, काय केलं होतंस? वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या वर्षी त्यांनी देवाधर्माचे बरेच काही केले, बरेच उपवास धरले, आणि उपाशीपोटी स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊन जठराचे दुखणे ओढवून घेतले. रूपकाची किंमत अशी मोजावी लागते. आम्हांला विचाराल तर इथे फितुरी नाही. एक वाचन चुकले आहे. पहारेकरी आपलाच आहे, प्रामाणिक आहे, त्याला अक्षरे ओळखू येतात. संदर्भ मात्र दिसत नाही. हे आम्ही वहिनींना आमच्या परीने सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हंजी त्येला वाचता येतंय, पर कुणाचं पत्र हाय त्ये कळत नाय." आम्ही त्यात सुधारणा केली नाही.

लांडग्याविषयीही थोडे. दौंड-बारामतीच्या गवताळ माळांवर लांडगा आजही आहे. मेंढपाळ त्याला पाहतात, शिव्या घालतात, आणि त्याच्या वाटेवरच कळप बसवतात. त्याने चावल्यासारखे व्रण म्हणून मध्ययुगीन युरोपात या रोगाला त्याचे नाव पडले. पुढे एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी गालांवरच्या त्याच चट्ट्याला फुलपाखराची उपमा दिली. एकाच चेहऱ्यावर लांडगा आणि फुलपाखरू. अमेरिकी कथाकार फ्लॅनरी ओ'कॉनर यांना हा रोग होता. वडील त्यानेच 1941 साली गेले होते, आणि त्या 1964 साली, एकोणचाळिसाव्या वर्षी गेल्या. आईच्या शेतावर मोर पाळत, रोज सकाळी लिहीत त्यांनी शेवटची बारा-तेरा वर्षे काढली. स्मिथची दोन अक्षरे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी छापली गेली. त्यांच्या कथांतली हिंसा या रोगातून आली असे म्हणणारे समीक्षक आहेत. आम्हांला ते पटत नाही. पण शेतावरच्या उन्हाची जी वर्णने त्या कथांत आहेत, ती आम्ही आता वेगळ्या नजरेने वाचतो हे खरे.

वहिनींच्या औषधांत मुख्य गोळी आहे ती हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मलेरियाच्या औषधाची ही बहीण पेशीच्या पोटातली आम्लता बदलते आणि टीएलआर-7ची घंटा मंदावते. 2020 सालच्या मार्चमध्ये ही गोळी करोनावर चालते अशी हवा झाली, आणि टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात ती दुकानांतून नाहीशी झाली. सरकारने निर्यातीवर बंधन आणले, चिठ्ठीचे नियम कडक केले; पण तोवर ज्यांना साठवायची होती त्यांनी साठवली होती. आमच्याकडे अकरा गोळ्या होत्या. कुरकुंभ इथून हाकेच्या अंतरावर, तिथल्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने. आणि आम्ही अकरा गोळ्या मोजतो आहोत. एका दुकानदाराने गोळी नाही म्हणून सांगितले आणि आमच्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना दिली. वहिनींनी मग एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली, आम्हांला न सांगता. मे महिन्यात पायांवर सूज आली आणि लघवीत प्रथिने उतरली. पुढची दीड वर्षे मूत्रपिंडे वाचवण्यात गेली. करोनावर त्या गोळीचा उपयोग नाही हे मोठ्या चाचण्यांत त्याच वर्षी सिद्ध झाले.

पुतणी दहावीला होती तेव्हा तिने प्रतिलेखन-भाषांतरणाचा धडा आमच्यासमोर धरला आणि नजर पुस्तकातच ठेवून विचारले, "काका, मला पण होईल का?" आम्ही तिला खरे ते सांगितले. आईला असेल तर शक्यता थोडी वाढते. पण अशा आयांच्या बहुसंख्य मुलींना हा रोग होत नाही. तिने मान हलवली आणि विचारले की मग मधली कापाकापी पुस्तकात का नाही. आम्ही वहीच्या मागच्या पानावर सात मण्यांचे कडे काढून दाखवले आणि त्याखाली स्मिथचे नाव लिहिले. वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांनी ते पान मागून घेतले आणि बराच वेळ पाहिले. "पोर किती वर्साची व्हती?" एवढेच विचारले.

तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम हलवून पाटसमार्गे रोटी घाट चढते, त्या दिवशी वहिनी पूर्वी घाटापर्यंत चालत जात. आता ओसरीच्या सावलीतून टाळ ऐकतात. शेत मात्र त्यांनी सोडलेले नाही. शेतीपंपांची वीज काही दिवस रात्रीची असते आणि सारे गाव तिच्या नावाने बोटे मोडते. आमच्या घरात एकट्या वहिनी तिची वाट पाहतात. दहा-अकराला दिवे लागले की त्या डोक्याला फडके बांधून, बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघतात. अलीकडे उसात बिबटे वाढले आहेत, म्हणून बंधू काठी आणि मोबाइलवर मोठ्याने लावलेले भजन घेऊन मागे चालतात. बांधावर पोहोचल्यावर त्या पहिल्यांदा फडके सोडतात आणि चेहरा उघडा करतात.